जाड दांडा, केसाएवढी रेघ

फॅशन मासिकांच्या मथळ्यांत उंच, अरुंद बांध्याची रोमन अक्षरे हमखास दिसतात: उभा दांडा ठसठशीत, आडवी रेघ केसाएवढी, टोकाला सपाट, पातळ सेरिफ (म्हणजे दांड्याच्या टोकाची छोटी आडवी रेघ). त्यातला जाड-बारीकपणा राजदरबारच्या छापखान्यांतून आला आणि अरुंदपणा रस्त्यावरच्या जाहिरातींतून.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या छापखान्यासाठी १६९२पासून नवा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, घडू लागला. विद्वानांच्या समितीने चौकटी आखून त्याची अक्षरे बसवली. बोरू-टाकाचे वळण तिथून मागे पडू लागले. पण बारीक रेघ कोरणे ही अर्धीच गोष्ट, ती कागदावर उमटायलाही हवी. त्या काळच्या हातकागदावर जाळीच्या तारांचे वळ असत आणि नाजूक रेघ त्यांत तुटे. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याने रोमन कवी व्हर्जिलच्या १७५७च्या आपल्या आवृत्तीत काही भागासाठी गुळगुळीत विणीचा कागद वापरला, शाईही सुधारली. माझ्या मते या वळणाचे खरे श्रेय कागदाला जास्त आहे. पुढे १७८४च्या सुमारास पॅरिसमध्ये फर्मिन दिदोने आणि पार्मात ड्यूकच्या छापखान्यात जांबात्तिस्ता बोदोनीने ही रेघ पार टोकाला नेली. बोदोनीच्या टाइपांचा दोन खंडी नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८१८मध्ये त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी जाहिरातींसाठी याच अक्षरांचे दांडे फुगवले. मग जागेचा प्रश्न आला: पोस्टरची रुंदी ठरलेली, मजकूर लांब आणि अक्षर तर लांबून दिसायला हवे. उपाय एकच, अक्षर उंच ठेवून दोन्ही बाजूंनी आवळायचे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७मध्ये यंत्राने लाकडी टाइप कापायला सुरुवात केली, तेव्हा मोठी अक्षरे हलकी आणि स्वस्त झाली.

हे वळण आवळले तरी का शोभते, ते रोमन ‘ओ’ अक्षरात पाहावे. त्याची गोलाई जवळजवळ सरळ होते, दोन जाड खांब उरतात आणि वर-खाली त्यांना सांधणारी एक नाजूक कमान. अशी अक्षरे शेजारी लागली की उभ्या पट्ट्यांचा ठेका धरतात. गेरी पॉवेलचा १९३७चा ‘ऑनिक्स’ हा टाइप याचा नेमका नमुना.

लहान आकारात मात्र केसरेघ नाहीशी होते. म्हणून ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाच्या १९९२च्या नव्या मांडणीसाठी अक्षररचनाकार जोनाथन हॉफ्लरने दिदोचे वळण सात वेगवेगळ्या आकारांसाठी स्वतंत्रपणे रेखाटले. मथळा मोठा होवो वा छोटा, रेघ तेवढीच बारीक राहावी, हा त्यामागचा विचार.

देवनागरीत हा टोकाचा जाड-बारीकपणा इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’ या फाँटमध्ये दिसतो. तो फुकट मिळतो. अरुंदपणा मात्र आपल्या लिपीत अवघड आहे. ‘क’ला दांड्याच्या दोन्ही अंगांनी जागा लागते, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर आवळले की आतली पोकळीच बुजते.