कलेजी, मसूरची आमटी आणि दोन देशांतली घरं

अमेरिकन आणि आपल्याकडच्या कादंबऱ्यांतलं कुटुंब इतकं वेगळं का वाटतं, हे कळायला मला दोन जेवणं पुरतात. जोनाथन फ्रान्झनच्या 'द करेक्शन्स'मधे (२००१) छोटा चिप कलेजी खायला तयार नाही, ताट संपल्याशिवाय उठायचं नाही असा हुकूम, आणि घरातले सगळे आपापल्या नादात, पोरगं रात्री उशिरापर्यंत एकटं टेबलाशीच. विवेक शानभागांच्या कन्नड 'घाचर घोचर'मधे (२०१३) कमावत्या काकासाठी एक बाई मसूरची आमटी घेऊन दारात येते आणि घरातल्या बायका मिळून तिला असं काही हाकलतात की वाचताना पोटात गोळा येतो. तिकडे घरात असून एकटं, इकडे सगळे एक होऊन दार अडवतात.

याच्या मागे मला तरी आधी घरंच दिसतात, खरीखुरी विटांची, आणि त्यांचे कागद. अमेरिकेत १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्यांना घरासाठी कर्ज मिळणं सोपं झालं, १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं, एकसारखी छोटी घरं, नवरा-बायको आणि पोरं एवढ्यांपुरतीच (आणि फक्त गोऱ्यांसाठी, करारातच तसं लिहिलेलं, म्हणून कृष्णवर्णीय लेखकांची कुटुंबं वाचायची तर सुरुवात वेगळीकडून करावी लागते). मग १९६९ ला कॅलिफोर्नियाने कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा केला, बाकीची राज्यं हळूहळू मागून आली. त्यामुळे तिथल्या कितीतरी गोष्टींत घर आधीच सुटलेलं असतं आणि प्रश्न असतो परत येण्याचा. चिपच्या आईचं मागणं तरी काय, सगळ्या मुलांनी एकदा शेवटचा ख्रिसमस घरी करावा.

आपल्याकडे उलटं. मिताक्षरा या हिंदू वारसा पद्धतीत मुलगा वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटेकरी, मग कितीही भांडा, पाय निघत नाही. मुलीला तो हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाने २००५ ला. इतका उशीर झाला हे मला फार लागतं, कारण १८९० मधेच हरि नारायण आपटे 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी लिहीत होते, तीही नायिका यमूच्याच तोंडून, आणि भरल्या घरात बाईचं स्वतःचं असं काहीच नाही हे तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे.

दोन्ही धागे एकत्र आले ते अमेरिकेच्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, आपले शिकलेले लोक मोठ्या संख्येने तिकडे जायला लागले तेव्हा. झुम्पा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) सुरू होते ती १९६८ मधे, दिवस भरत आलेली अशिमा केंब्रिजच्या किचनमधे एकटी उभी राहून राईस क्रिस्पीज या तिथल्या नाश्त्याच्या कुरमुऱ्यांमधे शेंगदाणे, कांदा, मिरची, लिंबू घालून कलकत्त्याची भेळ, म्हणजे झालमुडी, जमवतेय, आणि मोहरीचं तेल नाहीये.