चार कवड्या, एक दान: यादृच्छिक चल समजून घेताना

बारावीच्या गणितात ‘संभाव्यता वितरण’ हा पाठ आला की बहुतेक मुले सूत्रे पाठ करतात आणि गुणही मिळवतात. मात्र ‘यादृच्छिक चल म्हणजे काय?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘ज्याची किंमत आधी सांगता येत नाही तो चल.’ हे उत्तर अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग पटावरच्या चार कवड्या फार चांगला शिकवतात.

पाच गुणिले पाच घरांचा पट मांडून चार कवड्या टाकल्या जातात, तेव्हा प्रत्येक कवडी उताणी तरी पडते किंवा पालथी तरी. चार कवड्यांच्या अशा एकूण १६ स्थिती होतात. हा झाला नमुना अवकाश, आणि त्यात अजून एकही संख्या नाही, आहेत त्या फक्त कवड्यांच्या स्थिती. संख्या येते ती नियमातून. एक उताणी तर दान १, दोन तर २, तीन तर ३, चारही उताण्या तर ४, आणि चारही पालथ्या तर ८. (उताण्या-पालथ्याचे नियम गावोगावी बदलतात. इथे हाच धरू.) प्रत्येक स्थितीला एक संख्या जोडून देणारा हा नियम म्हणजेच यादृच्छिक चल. नियम ठरलेला असतो, त्यात अनिश्चित असे काहीच नसते. अनिश्चितता असते ती कवड्या टाकण्यात.

एवढे पक्के झाले की एका फेकीवर हवे तितके चल मांडता येतात हे लगेच दिसते. ‘उताण्या कवड्यांची संख्या’ हा एक चल, त्याला क्ष म्हणू. ‘पडलेले दान’ हा दुसरा, त्याला द म्हणू. कवड्या त्याच, फेकही तीच, पण चारही पालथ्या पडल्या तर क्ष होतो ० आणि द होतो ८. म्हणून गणित सोडवताना पहिली ओळ ‘क्ष म्हणजे अमुकची संख्या’ अशीच लिहावी. ती गाळली की नाण्याच्या गणितात क्षच्या किमतींत ‘छापा, काटा’ असे शब्द येतात आणि पुढचे सगळे कोलमडते.

आता वितरण. कोणती किंमत किती संभाव्यतेने येते याची पूर्ण यादी म्हणजे वितरण. १६ स्थितींपैकी एकही उताणी नसलेली १, एक उताणी असलेल्या ४, दोन असलेल्या ६, तीन असलेल्या ४ आणि चारही उताण्या असलेली १. हे १, ४, ६, ४, १ आकडे आपल्याकडे छंदशास्त्रातून आले आहेत. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे मोजताना छंदशास्त्रकार पिंगलाच्या परंपरेत हीच मोजणी झाली आणि दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या टीकेत तिचा मेरुप्रस्तार, म्हणजे या आकड्यांची त्रिकोणी मांडणी, सापडतो.

नाणी असती तर प्रत्येक आकड्याला १६ ने भागून काम संपले असते. कवडीची पाठ फुगीर आणि पोट सपाट, त्यामुळे उताणे आणि पालथे पडण्याची शक्यता सारखी धरायला काहीच आधार नाही. पाठ घासून सपाट केलेली कवडी तर आणखी वेगळी वागणार. समजा एक कवडी उताणी पडण्याची संभाव्यता ०.४ आहे आणि चारही कवड्या सारख्या व एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. मग क्षचे वितरण द्विपद होते, म्हणजे ठरावीक स्वतंत्र प्रयत्नांत एकच गोष्ट किती वेळा घडते याचे वितरण. शून्य उताणी: ०.६ चा चौथा घात, म्हणजे ०.१२९६. एक: ०.३४५६. दोन: पुन्हा ०.३४५६. तीन: ०.१५३६. चार: ०.०२५६. बेरीज बरोबर १ येते. ही बेरीज प्रत्येक वेळी करून पाहावी, कारण १, ४, ६, ४, १ पैकी एखादा गुणक विसरला तर चूक इथेच पकडली जाते.

या यादीत खेळाचा सगळा स्वभाव उतरला आहे. आठाचे दान चाराच्या दानापेक्षा पाचपट वेळा पडते. नाण्यांनी खेळलो तर दोन्ही सारखीच दुर्मीळ, १६ पैकी १.

दानाचे अपेक्षित मूल्य काढायचे तर प्रत्येक दान त्याच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करायची: १.०३६८ + ०.३४५६ + ०.६९१२ + ०.४६०८ + ०.१०२४ = २.६३६८. पटावर २.६४ घरे कुणीही चालत नाही. शंभर फेकींत सोंगट्या साधारण २६४ घरे पुढे सरकतील, एवढाच त्याचा अर्थ. चार किंवा आठ पडल्यावर पुन्हा टाकायला मिळत असेल तर एका डावाची सरासरी वाढते. पुन्हा टाकण्याची संभाव्यता ०.१५५२ आहे आणि पुन्हा टाकणे म्हणजे नवा डावच, म्हणून २.६३६८ ला १ − ०.१५५२, म्हणजे ०.८४४८ ने भागायचे: सुमारे ३.१२.

किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचे माप म्हणजे प्रचरण. ते काढताना मात्र हमखास घोटाळा होतो. किमतींच्या वर्गांची सरासरी वेगळी आणि सरासरीचा वर्ग वेगळा. दानासाठी पहिली ११.८१, दुसरा ६.९५. वजाबाकी ४.८६ हे प्रचरण आणि त्याचे वर्गमूळ, सुमारे २.२, हे प्रमाण विचलन. उताण्या कवड्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन फक्त ०.९८ येते. फेक तीच असून फैलाव दुपटीहून अधिक झाला, कारण नियमाने शून्याच्या जागी आठ बसवला.

‘बराच वेळ आठ पडलेला नाही, आता पडणारच’ ही समजूत या आकड्यांसमोर टिकत नाही. सलग १० फेकींत आठ न पडण्याची संभाव्यता ०.८७०४ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.२५. चारातून एकदा असे होणारच, आणि अकराव्या फेकीला आठाची संभाव्यता तरीही ०.१२९६ च राहते.

कवडीचे वजन, फेकीची उंची असल्या संतत चलांना, म्हणजे सलग पट्ट्यातली कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलांना, मात्र अशी यादी करता येत नाही. तिथे एका नेमक्या किमतीची संभाव्यता शून्य असते, आणि दोन किमतींमधली संभाव्यता वक्राखालच्या क्षेत्रफळाने मोजतात.

आता ०.४ हा आकडा आपल्या कवड्यांसाठी आणायचा कुठून? मोजून. चार कवड्या १०० वेळा टाकल्या की ४०० नोंदी मिळतात. त्यांतल्या उताण्यांच्या प्रमाणाचे प्रमाण विचलन सुमारे ०.०२५, म्हणजे ०.४ च्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट, ०.०५ इतकी शंका उरते. ही शंका लहान वाटते, पण उताणे पडण्याची संभाव्यता ०.३५ असेल तर आठ पडण्याची ०.१७९ होते आणि ०.४५ असेल तर ०.०९२. जवळजवळ दुप्पट फरक! शंका निम्मी करायची तर चौपट, म्हणजे ४०० फेकी लागतात. मोजणी खेळतो त्याच जमिनीवर करावी, कारण फरशीवर कवडी उसळते आणि सतरंजीवर आहे तशीच बसते. भिंतीला टेकलेली कवडी कशी मोजायची हे आधीच ठरवावे.

मोजलेले आकडे द्विपद वितरणाशी ताडून पाहावेत. १०० फेकींत ० ते ४ उताण्यांची अपेक्षा अनुक्रमे १३, ३५, ३५, १५ आणि ३ अशी (पूर्णांकात). शून्य उताणी ८ वेळा आली किंवा १८ वेळा, तरी बिघडले नाही. पण फेकी वाढवल्यावरही टोके, म्हणजे शून्य आणि चार उताण्या, सातत्याने अपेक्षेपेक्षा हलकी पडत असतील तर कवड्या सारख्या नाहीत असे समजावे. उदाहरणार्थ, दोन कवड्या ०.२ च्या आणि दोन ०.६ च्या असतील तर सरासरी ०.४ च राहते. मात्र चारही पालथ्या पडण्याची संभाव्यता ०.१०२४ वर येते आणि चारही उताण्या पडण्याची ०.०१४४ वर. उलट दोन्ही टोके जड होत असतील तर स्वातंत्र्य बिघडले आहे. मुठीत न खुळखुळवता, जमिनीजवळूनच कवड्या ठेवल्यासारख्या टाकल्या की त्या एकमेकींच्या आधाराने पडतात. अशा वेळी प्रत्येक कवडीवर खूण करून तिची नोंद वेगळी ठेवावी. दोष कवडीत आहे की हातात, ते त्या नोंदींतून समजते.