अवकाशातील लायडार: पार्श्वभूमी

हवेचे थर कक्षेतून लायडारने (लेझरचा झोत सोडून परतणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) वाचता येतात, हे सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्कव्हरी या अवकाशयानावरच्या प्रयोगाने दाखवून दिले. खालच्या वातावरणाच्या अभ्यासाला सलग नोंदी मिळाल्या त्या मात्र कॅलिप्सो या उपग्रहामुळे. तो २००६ पासून २०२३ पर्यंत चालला आणि आजचा मुख्य वाद त्याच्याच नोंदींवरचा आहे: त्यांतले किती मोजलेले आणि किती गृहीत धरलेले?

कॅलिप्सो ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरवर परतणारा प्रकाश मोजत असे. कणांनी किती प्रकाश मागे परतवला आणि वाटेत किती अडवला, हे दोन्ही त्या एकाच संकेतात गुंतलेले असते. त्यांचे प्रमाण, म्हणजे लायडार गुणोत्तर, बाहेरून घ्यावे लागते. त्यावर तोडगा असा निघाला: आधी थराचा प्रकार ओळखायचा (धूळ, धूर, समुद्री मीठ) आणि मग त्या प्रकाराचे ठरलेले गुणोत्तर लावायचे. प्रकार ठरे तो ध्रुवीकरण (परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती बदलली ते), थराची उंची आणि खाली जमीन आहे की पाणी यांवरून. रासायनिक घटक यात कुठेच मोजला जात नाही. तरीही नकाशावर 'धूर' दिसला की तो थेट मोजलेलाच आहे, असे वाचणारा धरून चालतो, आणि हे फार घातक आहे. कॅलिप्सोच्या नोंदींच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत ५३२ नॅनोमीटरसाठी धुळीचे गुणोत्तर ४० वरून ४४ झाले. आधी 'प्रदूषित धूळ' म्हणून नोंदले जाणारे समुद्रावरचे मीठमिश्रित थर नव्या वर्गात गेले. हवा तीच, संकेत तोच. त्यातून काढलेली प्रकाशीय जाडी (थर एकूण किती प्रकाश अडवतो याचे माप) मात्र बदलली.

यावर उपाय माहीत होता. हवेच्या वेगवान रेणूंकडून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित पसरते, जड कणांकडून येणाऱ्याची जवळपास नाही. अरुंद गाळणीने दोन्ही वेगळे केले की गुणोत्तर मोजता येते. पण त्यासाठी एकाच वारंवारतेवर स्थिर राहणारा लेझर हवा, आणि तेव्हा कक्षेत साधा लेझर टिकवणेही अवघड होते: २००३ मध्ये आइससॅट या उपग्रहाचा पहिला लेझर जेमतेम पाच आठवडे चालला. म्हणून साध्या यंत्राची निवड मला समजते, पण गृहीतकावर काढलेल्या आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितता ठळकपणे सांगायला हवी होती. हे तंत्र पुढे २०२२ च्या दाची-१ आणि २०२४ च्या अर्थकेअर या उपग्रहांवर गेले.

वायूंची गोष्ट अजून मागे आहे. दाची-१ कार्बन डायऑक्साइड मोजतो, पण हवेच्या संपूर्ण स्तंभातला, उंचीनुसार नाही. ओझोनसाठी कक्षेत लायडार गेलेलेच नाही: तो ज्या अतिनील पट्ट्यात ठळक दिसतो, तो प्रकाश वरच्या ओझोन थरातच मोठ्या प्रमाणात शोषला जातो.