बासचं माप आणि ट्यूनिंग : ग्राहकांसाठी माहिती

स्पीकर घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच: "बास कमी पडतोय, वाढवून द्या." मापायला घेतलं की बऱ्याचदा बास कमी नसतो, फाटलेला असतो.

वूफरला (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला) 40 हर्ट्झचा सूर दिला तर तेवढाच बाहेर यायला हवा. कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, त्याच्या मर्यादेपलीकडे हलू लागला की सोबत 80 आणि 120 हर्ट्झही निघतात. हेच डिस्टॉर्शन. आपल्या कानाला 40 पेक्षा 120 हर्ट्झ फार सहज ऐकू येतात, म्हणून ही भेसळच भरघोस बास वाटते. स्वच्छ केलेला स्पीकर पहिल्या दिवशी थोडा 'हलका' वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

घरी पारख करायची तर तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. मनगट दाबत नेलेला डग्ग्याचा 'घे' वर चढताना कळला पाहिजे. सगळे बोल एकाच 'धम्म'वर येत असतील तर डग्गा नाही, बॉक्स वाजतोय.

आम्ही माइक कोनच्या मध्यापासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर धरतो. डॉन कील यांनी 1974 साली मांडलेली ही पद्धत. एवढ्या जवळून खोलीचा परिणाम जवळजवळ उरत नाही. मग आवाज पायरीपायरीने वाढवत भेसळ कुठे उसळते ते पाहतो. दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, 40 ला 80) जास्त निघाला तर कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, मध्यावर बसली आहे का ते तपासतो. तिसरा (तिप्पट, 120) चढला तर बहुधा कोनची धाव संपलेली असते. तिथे अ‍ॅम्प बदलून काही होत नाही.

पोर्टवाल्या (हवेसाठी पाइप असलेल्या) बॉक्सचं काम नाजूक. इम्पीडन्सच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) आलेखात दोन उंचवट्यांमधला खळगा दिसतो, तो बॉक्सचा ट्यूनिंगचा सूर, म्हणजे ज्यावर पाइपातली हवा घुमते तो. पाइप लांब केला की तो खाली येतो. पाइप अरुंद असेल तर मोठ्या आवाजात हवा फसफसते. ट्यूनिंगच्या खाली मात्र कोनला हवेचा आधार राहत नाही. तो मोकळा हेलकावतो आणि कॉइल आपटते. म्हणून 40 ला ट्यून केलेल्या बॉक्सला आम्ही साधारण 35 च्या खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर लावतो. गरब्यासाठी भाड्याने देणाऱ्यांनी तर तो लावावाच. बास 6 डेसिबलने चढवला की अ‍ॅम्पकडून चौपट पॉवर मागितली जाते, हेही लक्षात असू द्या.

खोलीचा दोष मात्र स्पीकरमध्ये दुरुस्त होत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतली 12 फुटी खोली 47 हर्ट्झच्या आसपास घुमतेच. तिथे आधी खुर्ची दोन फूट सरकवून बघा, ते फुकट आहे.

येताना दोन्ही स्पीकर आणि अ‍ॅम्प आणा. मापाचा आलेख छापून देतो, कामाआधीचा आणि नंतरचा. नवरात्रात मापाचं काम घेत नाही. बडोद्यात त्या नऊ रात्री माइकला शांतता मिळत नाही.