गुल्येल्मो, विल्यम आणि वॉरंटी

बिनतारी संदेशवाल्या मार्कोनीचं पहिलं नाव मराठीत ‘गुग्लिएल्मो’ असं छापतात. इटलीत ते ‘गुल्येल्मो’ असं ऐकू येतं. मधला ‘ग’ लिहिण्यापुरता. कानाला अस्सल इटालियन वाटणारं हे नाव मुळात मात्र जर्मानिक टोळ्यांचं. इंग्रजांचा विल्यम, जर्मनांचा विल्हेल्म आणि हा गुल्येल्मो, तिघे एकच.

इ.स. 568 मध्ये लाँगोबार्ड ही जर्मानिक टोळी उत्तर इटलीत उतरली आणि 774 मध्ये फ्रँक या दुसऱ्या जर्मानिक टोळीचा राजा शार्लमेन याने त्यांचं राज्य घेतलं. या जेत्यांची भाषा पुढे विरून गेली. आल्बेर्तो, एन्रिको, गुल्येल्मो अशी नावं तेवढी राहिली.

पण ‘वि’चा ‘गु’ कसा झाला? जुन्या लॅटिनमध्ये ओठांचा चंबू करून म्हणायचा ‘व’ होता. टोळ्या येईपर्यंत तो बदलून दात-ओठांकडे सरकला होता. त्यामुळे परक्यांचा गोल ‘व’ स्थानिकांच्या जिभेला जमेना. हा ‘व’ म्हणताना ओठ गोल होतातच, शिवाय जिभेची मागची बाजूही टाळूकडे उचलली जाते. ती किंचित जास्त उचलून टाळूला टेकली, की ‘ग’ होतो. असा ‘व’चा ‘ग्व’ झाला. वेर्राचं ग्वेर्रा, म्हणजे युद्ध. वाल्टरचा ग्वाल्तिएरो. पुढच्या ‘लि’चा मऊ ‘ल्य’ होणं ही इटालियनची नेहमीचीच चाल. लॅटिन फामिलियाचं तिथे फामील्या झालं.

मध्य फ्रान्समध्ये हा ‘ग्व’ आणखी झिजून नुसता ‘ग’ उरला: गियोम. उत्तरेकडच्या नॉर्मंडीने मात्र ‘व’ सोडला नाही. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा राजा नॉर्मन होता, म्हणून इंग्रजीत विल्यम आहे. याच फाटाफुटीमुळे इंग्रजीत एकच शब्द दोन वाटांनी शिरला, आणि आज मिक्सर घेताना आपण दुकानदाराला वॉरंटी आहे की गॅरंटी, असं विचारतो!

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये या नावाचा अर्थ ‘दृढनिश्चयी रक्षक’ असा देतात. मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. ‘विल्’ म्हणजे इच्छा, ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. आपलं हेल्मेट त्याच हेल्मचं धाकटं रूप. जर्मानिक नावं अशी दोन तुकड्यांची असत, आणि पुष्कळदा एक तुकडा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावातून उचललेला असे. जोडून वाक्य व्हावं, अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

तुकडे मात्र आपल्या ओळखीचे आहेत. ‘विल्’चं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूशी जोडतात. वर आणि स्वयंवर त्यातलेच. ‘हेल्म’चं नातं व्युत्पत्तिकोश ‘शर्मन्’शी लावतात. शर्मन् म्हणजे आसरा, संरक्षण. शर्मा हे आडनाव त्यातूनच आलं.