लंकेचा जुना रस्ता आणि तो धनुष्कोडीला तुटला कसा

आपल्या विदर्भातून कापसाचे पैसे हातात आले की दोन प्रकारची मंडळी दक्षिणेला निघतात, एक रामेश्वरवाली आणि दुसरी लंकेतल्या अनुराधपूर-कॅन्डीला जाणारी धम्मसहलवाली. दोघंही वर्धा-बल्लारशावरून त्याच लाइनने चेन्नईला उतरतात, मग पहिले रामेश्वरची गाडी धरतात आणि दुसरे बहुतेक एअरपोर्टवर जातात. रामेश्वर बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीपासून लंकेचं तलैमन्नार तीसेक किलोमीटर, तरी तिथून पलीकडे जायला आज काहीच नाही. पन्नास वर्षं मात्र लंकेची मुख्य वाट तीच होती, आणि थर्ड क्लासच्या माणसाला परवडणारी होती.

फार जुनं थोडक्यात सांगतो. सिंहली परंपरेप्रमाणे अशोकाचा मुलगा हवेतून अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेला उतरला आणि मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजाने लंकेच्या उत्तरेला जाफन्याच्या किनाऱ्यावर जंबुकोलला लागली. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही त्या फांदीपासून अनुराधपूरला वाढलेल्या झाडापासूनच वाढवलेला आहे, म्हणून आपल्या लोकांना ही वाट परकी वाटत नाही.

इंग्रजांच्या काळात आधी मद्रासहून तुतिकोरीनपर्यंत रेल्वे आणि तिथून रात्रीच्या स्टीमरने कोलंबो असं चालायचं. चहाच्या मळ्यांवर जाणारे तमिळ मजूर तर छोट्या होड्यांनी मन्नारला उतरून जंगलातून पायी वर कॅन्डीकडे जायचे, कॉलऱ्याने आणि उपासमारीने त्यात भरपूर मेले. मग १९१४ मध्ये रामेश्वर बेट जमिनीला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल झाला, दोन किलोमीटरच्यावर लांब, शंभरावर खांब, मधली दोन पाती जहाजासाठी हाताने चक्र फिरवून उघडायची. पूल झाल्याबरोबर बोट मेल, म्हणजे मद्रासहून लंकेच्या बोटीला जोडून जाणारी गाडी, धनुष्कोडीपर्यंत जायला लागली, धक्क्यावर गाडीतून उतरायचं, समोरच्या स्टीमरमध्ये बसायचं, पलीकडे तलैमन्नारच्या धक्क्यावर सिलोनची गाडी उभी. मद्रास ते कोलंबो एकाच तिकिटावर. मजुरांना मात्र आधी पुलाच्या अलीकडे मंडपमच्या कॅम्पात क्वारंटाइनमध्ये ठेवायचे, तेव्हा ही सोय सगळ्यांसाठी सारखी होती असं म्हणता येत नाही. पण जमीन आणि समुद्र असे जोडलेले असल्यामुळे बोटीचा भाग कमी आणि भाडंही कमी, हे खरं.

आता मुद्द्याचं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं, समुद्र धनुष्कोडीवरून गेला, पांबनहून निघालेली पॅसेंजर शंभरावर माणसांसकट पाण्यात गेली आणि एकही वाचलं नाही. स्टेशन, धक्का, पोस्ट, चर्च सगळं गेलं. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. त्यानंतर पांबनचा वाहून गेलेला पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला, समुद्रात पडलेले गर्डर शोधून काढून बसवले, एवढी ताकद होती. आणि पांबनहून धनुष्कोडीला जाणारा सपाट वाळूवरचा रूळ मात्र पुन्हा टाकलाच नाही. दोन्हीकडे समुद्र, वाळू सरकते, पुढचं वादळ कधी येईल सांगता येत नाही, ही कारणं खोटी नव्हती, ज्या रात्री अख्खी गाडी गेली त्यानंतर कोणत्या अधिकाऱ्याने तिथे गाडी पाठवायची सही केली असती हाही प्रश्न आहेच. पण गाव वसवू नका म्हणणं वेगळं आणि धक्काच सोडून देणं वेगळं, माझ्या मते हा फरक तेव्हा कोणी केला नाही. बोट रामेश्वरहून सुटायला लागली, समुद्रातलं अंतर वाढलं, गाडीच्या दारातून बोटीच्या दारात जायची सोय संपली. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट, त्याच १९६४ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी ५ लाख २५ हजार मळ्यावरच्या तमिळांना भारतात परत घ्यायचा करार केला होता, म्हणजे या वाटेची गरज सगळ्यात जास्त होती तेव्हाच ती अर्धी मोडली. ते लोक पुढे बरीच वर्षं तलैमन्नारहून त्याच बोटीने आले. १९८० च्या दशकात तिकडे यादवी पेटली आणि बोटही बंद झाली.

सिलोनच्या स्वतःच्या कंपनीचं विमान तसं १९४७ च्या डिसेंबरातच सुरू झालं होतं, कोलंबोहून जाफन्यावरून मद्रास. पण खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात ते फार उशिरा आलं. आज चेन्नई-कोलंबो दीड तासाच्या आत होतं, जाफन्याच्या फ्लाइट २०१९ मध्ये सुरू झाल्या, कोरोनात थांबल्या, २०२२ च्या डिसेंबरात परत आल्या. वेळेत विमानाशी कोणी बरोबरी करू शकत नाही, मान्य. पण तीस-चाळीस जणांचा गावचा ग्रुप, त्यात सत्तरीच्या बाया, सोबत स्वयंपाकाचं सामान, याला फ्लाइट म्हणजे वजनाची कटकट आणि भाडं रोज बदलणारं.

समुद्राचे प्रयत्न झाले. २०११ मध्ये तुतिकोरीन-कोलंबो जहाज आलं, काही महिन्यांत बंद. २०२३ च्या ऑक्टोबरात नागपट्टिनम-कांकेसंतुरै बोट सुरू झाली, काही दिवसांतच थांबली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत चालू. चारेक तास लागतात, आणि ती उतरते जाफन्यालाच, जंबुकोलच्या पट्ट्यात. ईशान्य मान्सूनमध्ये समुद्र खवळला की ती बंद पडते, तो नेमका आपल्याकडे वेचणीचा काळ, म्हणजे फेब्रुवारीनंतर जाणाऱ्यांना तेवढी अडचण नाही.

पुलाच्या घोषणा वेगळ्याच. २०१५ मध्ये नागपूरच्याच केंद्रीय रस्तेमंत्र्यांनी २४ हजार कोटींच्या पूल-बोगद्याची गोष्ट केली होती, लंकेने तेव्हा हात झटकले. २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी जमिनीवरच्या जोडणीचा अभ्यास करू असं लिहिलं. हे सगळं पुढचं. आधी हाताशी असलेलं बघा: तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंतचा लंकेचा रूळ भारताच्याच कर्जातून २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला, धनुष्कोडीच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता २०१७ मध्ये झाला, पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये झाला. रामेश्वर-धनुष्कोडी या १७ किलोमीटरच्या नव्या रुळाची पायाभरणी २०१९ च्या मार्चमध्ये होऊनही पुढे काही नाही. आपल्याकडच्या धम्मसहलवाल्यांनी आणि रामेश्वरवाल्यांनी दोघांनी मिळून खासदाराकडे मागायचं असेल तर ते २४ हजार कोटी नाही, हे १७ किलोमीटर आणि एक धक्का मागावा.