डेनी व्हिलनव्ह काही एका रात्रीत आलेला नाही
'ड्यून'चा दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह फ्रान्सचा आणि २०१३ च्या 'प्रिझनर्स'पासून एकदम उगवला असं लोक अजून ठोकून देतात, दोन्ही चूक. तो कॅनडातल्या क्युबेकचा, मातृभाषा फ्रेंच, आणि पहिली फीचर फिल्म १९९८ ची. २००० च्या 'मेलस्ट्रॉम'मध्ये तर गोष्ट सांगतो कोण, तर सुरीखाली कापला जाणारा मासा! नंतर फीचर फिल्म थेट २००९ ला, 'पॉलिटेक्निक', १९८९ मध्ये माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १४ बायकांना गोळ्या घातल्या त्यावर, अख्खी ब्लॅक अँड व्हाइट. मग २०१० ची 'इन्सेंडीज', कॅनडाची फिल्म म्हणून तिला ऑस्कर नॉमिनेशन मिळालं आणि त्यानंतर हॉलिवूड. 'ड्यून' आवडला असेल तर 'इन्सेंडीज' बघाच, अगदी कळकळीने सांगतोय, फक्त शेवट कुणाकडून ऐकू नका.